जुने गेम, नवे विक्रम : कोणते यंत्र चालते?

एखादा व्हिडीओ गेम कमीत कमी वेळात पूर्ण करण्याच्या खेळाला 'स्पीडरन' म्हणतात. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या गेमांवरही जगभर ही चुरस आजही चालते. ती किती अटीतटीची असते, याची कल्पना एका आकड्यावरून येईल. १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' ४ मिनिटे ५५ सेकंदांच्या आत पूर्ण करणे प्रथम साधले ते २०२१ मध्ये, आणि तेही अवघ्या ०.०५२ सेकंदाने. फरक एवढा सूक्ष्म असला, की गेम कोणत्या यंत्रावर खेळला गेला हा प्रश्न खेळाडूच्या कौशल्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. कित्येक महिने सराव करून चित्रफीत सादर करावी आणि 'हा एम्युलेटर मान्य नाही' एवढ्या एका ओळीत तिची बोळवण व्हावी, हा अनुभव नवख्यांच्या वाट्याला येऊ शकतो.

जुन्या कन्सोलची हुबेहूब नक्कल संगणकावर करणारी आज्ञावली म्हणजे एम्युलेटर. मान्यताप्राप्त यंत्रांच्या यादीमागे जुन्या वस्तूंविषयीचा जिव्हाळा असावा, असा समज सहज होतो. वस्तुतः प्रश्न घड्याळाचा आहे. अमेरिका व जपानमधील एनटीएससी पद्धतीचे जुने कन्सोल सेकंदाला सुमारे ६० चित्रे, म्हणजे फ्रेम, दाखवत; युरोपातील पाल पद्धतीचे ५०. त्या काळच्या बहुतेक गेमांत पात्राची हालचाल फ्रेमगणिक ठरत असे. त्यामुळे खास दुरुस्ती केलेली नसेल तर तोच गेम पाल यंत्रावर सुमारे १७ टक्के मंद चालतो. आपली दूरचित्रवाणीही पाल पद्धतीचीच. १९९० च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून जो मारिओ किंवा 'काँट्रा' खेळला गेला, तो बहुतांशी निन्टेंडोच्या कन्सोलच्या विनापरवाना नकलांवर. असे एखादे यंत्र माळ्यावर सापडले तर आठवणींसाठी ते जरूर जपावे. विक्रमासाठी मात्र ते सहसा चालत नाही. त्याची कालगणना मूळ यंत्राशी तंतोतंत जुळतेच असे नाही.

अस्सल कंपनीची वस्तू म्हणजे निर्धोक, असेही नाही. गेम बॉयचे गेम मोठ्या पडद्यावर खेळण्यासाठी निन्टेंडोनेच 'सुपर गेम बॉय' हे जोडयंत्र काढले. ते आपली गती सुपर निन्टेंडो कन्सोलच्या घड्याळावरून घेत असल्याने गेम सुमारे २.४ टक्के वेगाने धावतो. तासाभराच्या खेळात हा फरक ८४ सेकंदांच्या घरात जातो! १९९८ मध्ये जपानमध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत स्वतंत्र घड्याळ बसवून हा दोष काढला गेला. म्हणूनच दोन्हींची नावे जवळपास सारखी असली, तरी दुसरीला मान्यता आणि पहिलीला मज्जाव, असा प्रकार दिसतो.

याहून गुंतागुंतीचा मुद्दा मंदगतीचा. 'सुपर मारिओ ६४' मध्ये एका पाण्याखालच्या टप्प्यात भलीमोठी पाणबुडी आहे. ती दृष्टिपथात आली, की मूळ निन्टेंडो ६४ ची दमछाक होते आणि गेम क्षणभर रेंगाळतो. मुरलेले खेळाडू कॅमेरा मुद्दाम दुसरीकडे वळवून हा वेळ वाचवतात. आता ताकदवान संगणकावरील एम्युलेटरला असा भार जाणवतच नसेल, तर ज्या अडचणीवर मात करण्याचे कसब खेळाडूने कमावले, ती अडचणच उरत नाही. याच गेमच्या निन्टेंडो वी वरील अधिकृत आवृत्तीत अपूर्णांकांचे पूर्णांकन किंचित निराळ्या रीतीने होते. परिणामी एका टप्प्यातील तरंगते फलाट अगदी हळूहळू वर सरकत जातात. सुमारे तीन दिवस यंत्र चालू ठेवले, तर मूळ कन्सोलवर अशक्य असलेली उंची गाठता येते. नक्कल अधिकृत असली तरी ती नक्कलच, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

मग एम्युलेटर सरसकट नाकारावेत काय? 'स्पीड डेमोज आर्काइव्ह' या जुन्या संग्रहाची भूमिका तशीच होती. ती सोपी होती, पण न्याय्य नव्हती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. जुना कन्सोल, मूळ कार्ट्रिज, जुना टीव्ही आणि चित्रण करणारे कार्ड हा सारा सरंजाम भारतात बसून जमवणे खर्चिक आहे. आज बऱ्याच गेमांच्या नियमावलीत ठरावीक एम्युलेटर, तेही ठरावीक आवृत्तीपासून पुढे, मान्य असतात. निवडीचा निकष अचूकतेचा. सुपर निन्टेंडोसाठी एकेकाळी लोकप्रिय असलेला झेडएसएनईएस वेगवान होता, परंतु मूळ यंत्राच्या वर्तनापासून बराच दूर. तो अनेक ठिकाणी बाद आहे. उलट २००४ मध्ये सुरू झालेल्या बीएसएनईएसने वेगापेक्षा अचूकतेला अग्रक्रम दिला. जुन्या निन्टेंडोसाठी मेसेन आणि गेम बॉयसाठी गँबॅट हे याच जातकुळीतले.

एम्युलेटर मान्य असला, तरी त्यातील सोयी मान्य असतीलच असे नाही. रेट्रोआर्कमध्ये २०१८ पासून 'रन-अहेड' नावाची सोय आहे. तिच्यामुळे बटण दाबणे आणि पडद्यावर परिणाम दिसणे यांतले अंतर मूळ कन्सोलपेक्षाही कमी करता येते. साहजिकच तिच्याकडे संशयाने पाहिले जाते. कीबोर्डचा प्रश्न आणखी मजेदार आहे. निन्टेंडोच्या कंट्रोलरवरील अधिक चिन्हाच्या आकाराचे बटण एका वेळी डावीकडे आणि उजवीकडे दाबता येत नाही; कीबोर्डवर दोन्ही कळा एकत्र सहज दबतात. 'झेल्डा २' मध्ये असे केल्यास नायक भन्नाट वेगाने सुसाट सुटतो! त्यामुळे परस्परविरोधी दिशा एकत्र स्वीकारण्याची सोय बंद ठेवावी, असा दंडक आढळतो.

मूळ यंत्रांतही डावे-उजवे असतेच. 'ओकारिना ऑफ टाइम' साठी २००३ मध्ये चीनमध्ये आलेल्या आयक्यू प्लेअरला मागणी आहे, कारण तो निन्टेंडो ६४ पेक्षा कमी रेंगाळतो आणि चिनी लिपीतील संवाद झटपट उरकतात. प्लेस्टेशन २ वर पहिल्या प्लेस्टेशनच्या सीडी अधिक वेगाने वाचण्याचा पर्याय आहे. त्याचा वापर करावा की नाही, हे गेमगणिक बदलते. मेमरी कार्डावरून गेम चालवणाऱ्या फ्लॅश कार्ट्रिजला मात्र बरेचदा हरकत नसते, कारण गेम चालतो तो खऱ्या कन्सोलच्याच चिपवर.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने म्हणून आधी गेम निवडावा, मग त्याची नियमावली वाचावी, आणि पैसे त्यानंतर खर्च करावेत. गेमची कोणत्या देशातील आवृत्ती मान्य आहे, चित्रफितीत कळांची नोंद दिसणे आवश्यक आहे काय, कन्सोल आणि एम्युलेटर यांच्या वेळा एकाच यादीत लागतात की वेगळ्या, हे पाहिल्यावाचून काहीही मागवू नये.

आणि मूळ यंत्र तरी स्थिर असते काय? सुपर निन्टेंडोच्या ध्वनिचिपला गती देणारा सिरॅमिकचा छोटा घटक कंपनीच्या हिशेबाने सेकंदाला ३२,००० नमुन्यांचा ताल धरणारा. एम्युलेटरकारांनी प्रत्यक्ष मोजमापावरून ३२,०४० हा आकडा धरला. २०२५ मध्ये शंभराहून अधिक कन्सोलची पाहणी झाली, तेव्हा सरासरी त्याहूनही वर गेलेली दिसली. यंत्र तापले की ती आणखी वाढते. माणसाच्या खेळात हा फरक नगण्य आहे. परंतु प्रत्येक फ्रेमला कोणते बटण दाबायचे हे आधीच लिहून ठेवून तो खेळ खऱ्या कन्सोलवर यंत्राकरवी चालवून दाखवणारी मंडळी आहेत. ध्वनीची माहिती चिपकडे पोहोचण्यास लागणारा वेळ एका फ्रेमने जरी चुकला, तरी पुढचे सारे गणित कोलमडते, आणि एका कन्सोलवर सुरळीत चाललेला खेळ शेजारच्या कन्सोलवर अर्ध्यातच अडखळतो.