नॉरिसच्या शेजारचा मुंबईकर

सिल्वासा ते खानवेल साधारण २० किलोमीटर, म्हणजे ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किट या फॉर्म्युला वन ट्रॅकच्या जेमतेम चार फेऱ्या. सेबॅस्टियन व्हेटेलनं २०११ साली तिथली एक फेरी १ मिनिट २७ सेकंदांत मारली होती. त्या वेगानं निघालात तर खानवेल सहा मिनिटांच्या आत! (वळणं आणि म्हशी आपापल्या जबाबदारीवर.) या वेगाच्या दुनियेत फॉर्म्युला वनच्या अगदी दारापर्यंत पोहोचलेला, तरी अनेकांना अनोळखी असलेला आपल्याकडचा ड्रायव्हर म्हणजे जेहान दारूवाला.

संजाणचं नातं
जन्म १ ऑक्टोबर १९९८, मुंबई, पारशी घर. पारशांच्या परंपरेनुसार इराणातून आलेले त्यांचे पूर्वज वसले ते संजाणला. खानवेलहून समुद्राकडे उतरलं की हे गाव लागतं.

अब्जातून निवड
२०११ मध्ये फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन संघानं ड्रायव्हर घडवण्यासाठी देशभर पोरं शोधली आणि तिघांना निवडलं. त्यातला एक जेहान. त्याच वर्षी भारतात पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली.

भारदस्त यादी
न्यूझीलंड ग्रां प्री कोणी जिंकली? १९५६ स्टर्लिंग मॉस, १९५८ जॅक ब्रॅबहॅम, १९६४ ब्रूस मॅक्लारेन, २०१५ लान्स स्ट्रोल, २०१६ लँडो नॉरिस. आणि २०१७? जेहान दारूवाला!

टीममेट कोण कोण?
२०१७ च्या युरोपियन फॉर्म्युला थ्रीमध्ये कार्लिन संघात जेहानसोबत होता नॉरिस, जो २०२५ मध्ये जगज्जेता झाला. त्याच संघात ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याचा फर्डिनांडही होता. २०२० मध्ये फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे फॉर्म्युला वनच्या लगेच खालच्या पायरीवर, शेजारी आला युकी त्सुनोडा. पुढच्याच वर्षी तो फॉर्म्युला वनमध्ये गेला.

जिंकला हा, गाजला तो
६ डिसेंबर २०२०, बहरीनचं साखिर. फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला जेहान. मथळे मात्र पटकावले मिक शूमाकरनं. त्या शर्यतीत तो पार मागे राहिला, पण मोसमाचं विजेतेपद त्याच दिवशी त्याच्या नावावर झालं.

मोंझा लाभलं
इटलीतल्या या अतिवेगवान ट्रॅकवर जेहान २०२१ मध्ये जिंकला आणि २०२२ मध्ये पुन्हा. अबू धाबी धरून फॉर्म्युला टूमध्ये एकूण चार विजय.

मग घोडं अडलं कुठे?
गुणतक्त्यात. २०२० मध्ये त्सुनोडा तिसरा, जेहान बारावा. २०२१ आणि २०२२, दोन्ही मोसमांत सातवा. शर्यती जिंकल्या, मोसम जिंकला नाही. आणि वर फॉर्म्युला वनमध्ये सगळ्या मिळून जागा होत्या फक्त वीस.

पण गाडी चालवलीच!
जून २०२२, सिल्व्हरस्टोन. चाचणीसाठी मॅक्लारेननं आपली २०२१ ची फॉर्म्युला वन गाडी त्याच्या हाती दिली. न्यूझीलंडच्या यादीतल्या त्याच ब्रूस मॅक्लारेननं स्थापन केलेला हा संघ.

घरची शर्यत, हातची गेली
२०२४ मध्ये तो विजेवरच्या फॉर्म्युला ई गाड्यांकडे वळला, मासेराती संघातून. वेळापत्रकात फेब्रुवारीतली हैदराबादची शर्यत होती. २०२३ ला तिथे शर्यत झाली, तेव्हा तो महिंद्राचा राखीव ड्रायव्हर होता. २०२४ ला गाडी मिळाली, तर शर्यतच रद्द!