पाच वर्षांचा करार आणि दीड वर्षाचा परवाना

मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात गिरमिटिया मजुरांची जुनी छायाचित्रे जतन करून ठेवलेली आहेत. निश्चल मुद्रेने यंत्राकडे पाहणारे हे चेहरे कोणाच्या हौसेखातर टिपलेले नाहीत. १८६७ सालच्या कायद्याने असे बंधन घातले की, करार पुरा करून मोकळ्या झालेल्या प्रत्येक जुन्या मजुराने आपले छायाचित्र लावलेला पास सदैव जवळ बाळगावा व पोलिसाने मागताच तो दाखवावा. पास जवळ नसला की चांगला कामकरी मनुष्यही भटक्या ठरे व कैदेत जाई; हरवला तर पैसे भरून दुसरा घ्यावा लागे. १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ ह्यांच्या साहाय्याने ९,४०१ जुन्या मजुरांनी ह्या जाचाविरुद्ध अर्ज केला, तेव्हा कोठे राजघराण्याच्या नावे चौकशी आयोग नेमला गेला, आणि १८७५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला.

त्याच मजुरांची पणतवंडे व खापरपणतवंडे आज उच्च शिक्षणासाठी ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांस जातात. त्यांच्याही हाती एक कागद असतो, किंबहुना आता कागदही नसतो, संगणकात नोंदलेली एक मुदत असते. पदवी मिळाल्यावर त्या देशात राहून काम करण्याची जी अनुज्ञा मिळते, तिच्या भरवशावर अनेक घरांत कर्जे काढली जातात. त्या पासाची ह्या परवान्याशी तुलना करणे काहींस अतिशयोक्तीचे वाटेल, आणि ते बरोबरही आहे. मळ्यावर एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई; विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या तरुणाची तशी स्थिती नाही. तथापि दोन प्रश्न दोघांसही सारखेच लागू पडतात: हा कागद मनुष्यास एकाच धन्याशी बांधतो, की धनी बदलण्याची मोकळीक देतो? आणि त्याची मुदत केव्हा सरते?

ब्रिटनचेच उदाहरण घ्यावे, कारण तेथील नियमांत चढउतार सर्वांत अधिक झाले. शिक्षणोत्तर कामाची जी जुनी सवलत तेथे होती, ती एप्रिल २०१२ मध्ये बंद करण्यात आली. तिच्यावर हिशेब बांधून गेलेल्या विद्यार्थ्यांस पदवी घेऊन परत फिरावे लागले, किंवा अल्पावधीत नोकरी देणारा मालक शोधावा लागला. २०१९ साली ती पुन्हा देण्याचे जाहीर झाले आणि १ जुलै २०२१ रोजी ‘ग्रॅज्युएट रूट’ ह्या नावाने नवी वाट उघडली: पदवीधरास व पदव्युत्तर पदवीधरास दोन वर्षे, डॉक्टरेट मिळविणारास तीन वर्षे. त्यानंतर २०२५ साली असे ठरले की, १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांस दोन वर्षांऐवजी अठराच महिने मिळावेत. डॉक्टरेटची तीन वर्षे मात्र कायम राहिली. ह्यात ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, येथे प्रवेशाची तारीख मोजली जात नाही, अर्जाची तारीख मोजली जाते. २०२४ साली तीन वर्षांच्या पदवीसाठी गेलेली मुलगी घरून निघाली तेव्हा दोन वर्षांचा हिशेब होता. ती अर्ज करील तेव्हा दीड वर्षाचा असेल. तिने काही चूक केली म्हणून हे घडले नाही. तिचा अभ्यास चालू असता नियम बदलला, इतकेच.

ह्या परवान्याचे खरे मोल त्याच्या लांबीहून त्याच्या मोकळेपणात आहे. तो मिळविण्यास कोणा मालकाचे पत्र लागत नाही. व्यावसायिक खेळाडूचे काम सोडल्यास कोणतेही काम करता येते, ते सोडून दुसरे धरता येते, स्वतःचा धंदाही करता येतो. मळ्याचा धनी बदलणे ज्यांस अशक्यप्राय होते, त्यांच्या वंशजांस हे सांगण्याची गरज नसावी. तरीही घरोघरी चर्चा होते ती ‘किती वर्षे’ एवढ्याचीच. एखादा मालक पगार दाबून ठेवतो किंवा अपमान करतो, तेव्हा हा परवाना बाळगणारा तरुण नमस्कार करून बाहेर पडू शकतो. त्याला देश सोडावा लागत नाही.

परंतु हा परवाना एकदाच मिळतो आणि त्याची मुदत वाढवून मिळत नाही. मुदत सरल्यावरही ब्रिटनमध्ये राहावयाचे, तर बहुतेकांस ‘स्किल्ड वर्कर’ ह्या दुसऱ्या व्हिशाकडे वळावे लागते, आणि तेथे बंधन पुन्हा येते. सरकारकडून अनुज्ञा घेतलेल्या मालकानेच नोकरी देऊ केली पाहिजे. मालक बदलावयाचा तर नवा अर्ज केला पाहिजे. आणि नोकरी गेली तर सामान्यतः साठ दिवसांत दुसरा तसाच मालक शोधावा, नाही तर देश सोडावा. पगाराची अटही वाढत गेली आहे. एप्रिल २०२४ मध्ये किमान वार्षिक वेतन सामान्यतः ३८,७०० पौंड ठरले, तर जुलै २०२५ मध्ये ते ४१,७०० झाले. नवख्या पदवीधरास त्यात सूट आहे, पण तिची मर्यादा ३३,४०० पौंडांची आहे, आणि ती सूट एकंदर चार वर्षेच मिळते. त्या चार वर्षांत ग्रॅज्युएट रूटवर घालविलेला काळही धरला जातो. उलट, स्किल्ड वर्कर म्हणून पाच वर्षे काढल्यावर कायम वास्तव्य मागावयाचे, तर तोच काळ त्या पाचांत धरला जात नाही. एकाच काळाचे हे दोन हिशेब मोठे चमत्कारिक आहेत. पण ते जाणून घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

ह्यावरून दिसते की, दीड वर्षाचा हा काळ म्हणजे कर्ज फेडण्याचा काळ नव्हे. तो मालक शोधण्याचा काळ आहे. वाक्वा किंवा कात्र बोर्न येथील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. वडिलांनी घर गहाण ठेवून मुलास एका वर्षाच्या एम्. एस्सी.साठी सप्टेंबर २०२६ मध्ये धाडावयाचे ठरविले आहे. दोन वर्षे नोकरी करील आणि हप्ते फेडील, असा घरातील सर्वांचा समज आहे. वास्तविक त्याचा अभ्यास २०२७च्या सप्टेंबरात संपेल व त्यास अठरा महिने मिळतील. त्या आरंभीच परवान्याचे शुल्क आणि त्याखेरीज आरोग्यसेवेचा अधिभार (२०२४ पासून प्रौढास वर्षाला १,०३५ पौंड) सगळ्या मुदतीसाठी एकरकमी भरावा लागेल. पहिले काही महिने दुकानात वा उपाहारगृहात राबून भाडे निघेल; परंतु पुढील व्हिशास पात्र अशी नोकरी त्यातून सहसा मिळत नाही. हप्त्याची चिंता जेवढी मोठी, तेवढा मुलगा हाती पडेल त्या कामास धरून राहतो, आणि मालक शोधण्याचे महिने त्यातच निघून जातात. घरच्या गहाणखताने दूरदेशीची मोकळीक कशी खर्ची पडते, ती ही अशी.

अर्जाच्या बाबतीतही काही गोष्टी अशा आहेत की, त्यांपायी हुशार मुलेसुद्धा फसतात. अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच करावा लागतो, तोही विद्यार्थी-व्हिशाची मुदत असेपर्यंत. आणि अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याचे विद्यापीठाने तेथील गृहखात्यास कळविल्यावरच. पदवीदान समारंभाची वाट पाहण्याचे कारण नाही. बारा महिन्यांच्या वा त्याहून मोठ्या अभ्यासक्रमानंतर विद्यार्थी-व्हिसा सामान्यतः आणखी चार महिने चालतो, म्हणून सप्टेंबरात प्रबंध देऊन गणेशचतुर्थीस घरी येण्यास हरकत नाही, मुदतीच्या आत परतले म्हणजे झाले. मात्र अर्ज एकदा केला आणि निकाल लागण्यापूर्वी बहिणीच्या लग्नास म्हणून देश सोडला, तर तो अर्ज मागे घेतला असे समजले जाते. मॉरिशसच्या नागरिकांस आणखी एक मोह पडतो. पाहुणा म्हणून ब्रिटनला जाण्यास त्यांस व्हिसा लागत नाही, २०२५ पासून संगणकावरून एक प्रवासाची अनुज्ञा काढली म्हणजे पुरते. त्यामुळे ‘व्हिसा सरला तरी पुन्हा जाऊन अर्ज करू’ असे काही जण म्हणतात. तसे करता येत नाही. पाहुण्यास ही वाट बंद आहे.

कॅनडातही हा परवाना कोणा एका मालकाशी बांधलेला नसतो, आणि तोही जन्मात एकदाच मिळतो. दोन वर्षे वा त्याहून मोठा अभ्यासक्रम असल्यास तीन वर्षे. १५ फेब्रुवारी २०२४ पासून दोन वर्षांहून लहान पदव्युत्तर पदवीसही तीन वर्षे मिळू लागली. अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे कळल्यापासून १८० दिवसांत अर्ज करावा लागतो. परंतु १ नोव्हेंबर २०२४ पासून इंग्रजी किंवा फ्रेंच भाषेच्या परीक्षेचा दाखला आवश्यक झाला, आणि विद्यापीठीय पदवी नव्हे तर महाविद्यालयीन पदविका घेणारांस विषयांची यादीही लागू झाली. यादीबाहेरचा विषय घेतला तर पदविका मिळेल, परवाना मिळणार नाही. मॉरिशसच्या मुलांस भाषेची अट जड नाही, दोन्ही भाषा शाळेतच होतात. विषयाची निवड मात्र दलालाच्या सांगण्यावर सोडणे धोक्याचे.

ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून वयाची मर्यादा पन्नासावरून पस्तीसावर आली. संशोधनात्मक पदवीधारकांस मात्र पन्नासाचीच राहिली. तेथील एक गोष्ट मराठी वाचकांस विशेष वाटेल. भारत व ऑस्ट्रेलिया ह्यांच्या व्यापारी करारानुसार, वर्गात शिकून पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या भारतीय नागरिकास तीन वर्षे मिळतात, इतरांस दोन. मेलबर्नच्या एकाच वर्गात रत्नागिरीहून आलेला एक विद्यार्थी आणि ज्याचे खापरपणजोबा रत्नागिरीहून मुंबईमार्गे पोर्ट लुईस आले असा दुसरा, शेजारी शेजारी बसले, एकच परीक्षा उतरले, तरी पहिल्यास एक वर्ष अधिक मिळेल. आडनाव वा कुलदैवत तेथे विचारीत नाहीत, पारपत्र विचारतात.

राहिला प्रश्न परतण्याचा. मुदत सरून मुलगा घरी आला की शेजारीपाजारी हळू आवाजात विचारतात, ‘काय, जमले नाही का?’ ह्या प्रश्नाच्या धास्तीने काही तरुण मुदत उलटूनही तेथेच राहतात, आणि मग ज्या कागदाने मोकळीक दिली होती त्याच्याच अभावी लपून दिवस काढतात. अशा रीतीने राहिलेल्यास पुढे कोणत्याही देशाचा व्हिसा मागताना तो काळ झाकता येत नाही. १८३४ पासून ह्या बेटावर सुमारे साडेचार लाख गिरमिटिये उतरले. त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश पुन्हा जहाजात बसून मायदेशी गेले. मोक्याच्या नोंदवह्यांत त्यांच्या नावांपुढे जहाजाचे नाव आणि निघाल्याची तारीख आहे. दुसरा शेरा नाही.