पाकिटावरचा देश आणि आतलं मांस

अमेरिकेतल्या सुपरमार्केटात बीफच्या पाकिटावर ‘प्रॉडक्ट ऑफ यूएसए’ ही अक्षरं दिसली, की गिऱ्हाईक धरून चालतं, जनावर इथलंच. कित्येक वर्षं हा समज फोल होता, आणि तो फोल असणं कायद्याला मंजूर होतं. जनावर परदेशात जन्मलं, वाढलं, तिथंच कापलं गेलं. मांसाची खोकी अमेरिकी कारखान्यात आली, तुकडे होऊन नव्या पाकिटात गेली. तरीही ते शब्द छापायला आडकाठी नव्हती.

अमेरिकी कृषी खात्याने मार्च 2024 मध्ये हा नियम बदलला आणि पालनासाठी 1 जानेवारी 2026 ही मुदत दिली. आता जन्म, वाढ, कत्तल आणि प्रक्रिया हे सगळं अमेरिकेतच झालेलं असेल, तरच हा शिक्का मारता येतो. यातून लगेच दुसरा गैरसमज निघाला, की यापुढे प्रत्येक पाकिटावर देश छापलेला असणार. तसं नाही. शिक्का ऐच्छिक आहे. ज्याला गप्प बसायचं आहे, त्याने खुशाल गप्प बसावं.

सक्ती एकेकाळी होती. 2002 च्या शेती कायद्यात ती आली, 2008 मध्ये सुधारली गेली आणि 2009 पासून अंतिम नियम लागू झाला. मग ती गेली कुठे? “जागतिक व्यापार संघटनेने लेबलांवर बंदी घातली,” असं उत्तर हमखास मिळतं. खरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे.

वासरू मेक्सिकोत जन्मतं, टेक्सासमध्ये धान्य खाऊन अंगाला लागतं आणि अमेरिकेतच कापलं जातं. कॅनडाच्या मॅनिटोबातली डुकराची पिल्लं आयोवात वाढतात. या जनावरांना देश कोणता लावायचा? सुरुवातीला दोन-तीन देशांची नावं एकत्र लिहून भागत असे. मे 2013 मधल्या नियमाने जन्म, वाढ आणि कत्तल असा प्रत्येक टप्पा वेगळा लिहायला लावला. दोन्ही पद्धतींत कत्तलखान्यांना जनावरं देशवार वेगळी ठेवावी लागत आणि कागदपत्रं सांभाळावी लागत. हा खटाटोप टाळायचा सोपा मार्ग म्हणजे सीमेपलीकडची जनावरं कमी भावात घेणं, ठरावीक दिवशीच घेणं किंवा घेणंच बंद करणं. कॅनडा आणि मेक्सिको भडकून जागतिक व्यापार संघटनेकडे गेले ते यामुळे.

ग्राहकाला मूळ देश सांगण्याचा हेतू रास्त आहे, हे संघटनेच्या अपील मंडळाने 2012 मध्येच मान्य केलं होतं. आक्षेप पद्धतीवर होता : शेतकरी आणि कत्तलखान्यांवर नोंदींचा एवढा बोजा, पण त्यातली किती माहिती ग्राहकापर्यंत पोहोचते? उपाहारगृहं आणि प्रक्रिया केलेले पदार्थ तर सरळ वगळलेले. अमेरिका 2015 मध्ये पुन्हा हरली. त्या डिसेंबरात लवादाने कॅनडाला वर्षाला सुमारे 105 कोटी कॅनेडियन डॉलरचे आणि मेक्सिकोला सुमारे 22.8 कोटी अमेरिकी डॉलरचे प्रतिकारात्मक उपाय योजण्याची मुभा दिली. अमेरिकी संसदेने दोन आठवड्यांच्या आत, 18 डिसेंबर 2015 रोजी, बीफ आणि पोर्कवरची सक्ती काढून टाकली. थोडक्यात, लेबल रद्द केलं ते संसदेने, खिशाला कात्री लागायच्या भीतीने.

कोंबडी, मेंढी, बोकड आणि मासे यांच्यावरची सक्ती मात्र टिकली. न्यू जर्सीतल्या मराठी घरात रविवारी शिजणाऱ्या बोकडाच्या मटणाशी याचा थेट संबंध आहे, कारण अमेरिकेत आयात होणारं बोकडाचं मांस मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येतं. मोठ्या दुकानात त्यावर देश लिहावाच लागतो. कोपऱ्यावरच्या हलाल खाटकाला बहुधा लागत नाही. यामागचं कारण गमतीचं आहे : कायद्याच्या लेखी ‘किरकोळ विक्रेता’ म्हणजे वर्षाला 2,30,000 डॉलरहून अधिक किमतीची ताजी फळं-भाजी खरेदी करणारा. बोकड कुठला हे सांगायचं की नाही, ते दुकानात भेंडी-कोथिंबीर किती येते यावर ठरतं!

प्रक्रियेचंही तसंच. कच्ची कोंबडी नियमात बसते, पण तीच पावाचा चुरा लावून विकली की सुटते.

बीफच्या खिम्याबद्दलचा समज तर आणखी भाबडा असतो, की एक पाकीट म्हणजे एक जनावर, फार तर एक कळप. प्रत्यक्षात धान्यावर पोसलेल्या अमेरिकी जनावरांच्या छाटणीत चरबी बरीच असते, म्हणून तिच्यात ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमधलं कमी चरबीचं मांस मिसळून प्रमाण साधतात. सक्तीच्या काळातही खिम्याच्या लेबलवर चार-चार देशांची यादी चालत असे. गेल्या 60 दिवसांत ज्या देशाचं मांस कारखान्याच्या साठ्यात होतं, त्याचं नाव यादीत ठेवता येई. नेमक्या त्या पाकिटात ते असेलच, असं नाही.

कृषी खात्याचा तपासणीचा गोल शिक्काही असाच फसवतो. तो मांस तपासल्याची खूण आहे, देशाची नाही. “परदेशी मांस बिनतपासणीचं येतं,” हेही खोटं. ज्या देशाची तपासणी व्यवस्था अमेरिकेने समतुल्य ठरवली आहे, तिथूनच ते येऊ शकतं आणि अमेरिकेत पोहोचल्यावर पुन्हा तपासलं जातं. मूळ देशाचं लेबल म्हणजे आरोग्याची हमी, असा कायद्याचा दावा कधीच नव्हता.

युरोपात नियम कडक आहेत म्हणून तिथे फसवणूक होत नाही, असंही म्हटलं जातं. मॅड काऊच्या धसक्यानंतर तिथल्या ताज्या बीफवर जन्म, संगोपन, कत्तल आणि कापणी कुठे झाली, हे कत्तलखान्याच्या क्रमांकासह लिहावं लागतं. तरीही जानेवारी 2013 मध्ये आयर्लंडच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाला बीफ बर्गरमध्ये घोड्याचा डीएनए सापडला. एका बर्गरमध्ये तर त्याचं प्रमाण बीफच्या तुलनेत 29 टक्के होतं. पुढच्याच महिन्यात गोठवलेल्या लझान्याचं प्रकरण फुटलं. रुमानियातलं घोड्याचं मांस सायप्रसमध्ये नोंदलेल्या व्यापाऱ्यामार्फत, नेदरलँड्स आणि दक्षिण फ्रान्स करत लक्झेंबर्गच्या कारखान्यात पोहोचलं होतं. वाटेत कागदावर घोड्याची गाय झाली. तयार पदार्थातल्या मांसाचा देश सांगण्याची सक्ती नव्हती, आणि असती तरी खोट्या कागदावरून खोटंच लेबल छापलं गेलं असतं. ते उघडकीला आणलं प्रयोगशाळेने.

अमेरिकेतल्या छोट्या दुकानात बोकडाच्या मटणाचा देश जाणून घ्यायचा असेल, तर खाटकाला खोकं दाखवायला सांगावं. आयात मांसाच्या खोक्यावर देशाचं नाव आणि तिथल्या कारखान्याचा क्रमांक असावाच लागतो.