पॉलिहाउसमधील प्रकाशाचा वर्षभराचा हिशेब हवामान नोंदींवरून कसा मांडावा?

पुणे परिसरात जुलैचा दिवस जानेवारीच्या दिवसापेक्षा सुमारे दोन तासांनी मोठा असतो. सूर्यही जवळजवळ डोक्यावर असतो. तरीही जुलैत पिकाच्या पानावर पडणारा प्रकाश जानेवारीपेक्षा बराच कमी भरतो. कारण सर्वांना ठाऊक आहे, ढग. पण तो नेमका किती कमी भरतो आणि त्यामुळे शेडनेटचे काय करायचे, हा हिशेब फार थोडे पॉलिहाउसधारक मांडतात.

हा हिशेब मी स्वतःही उशिरा शिकलो. काही वर्षांपूर्वी मावळ भागातील एका शेतकऱ्याने ढोबळी मिरचीसाठी पॉलिहाउस उभारताना माझा सल्ला घेतला. वर्षाची सरासरी पाहून मी 50 टक्के सावलीची नेट कायम बांधायला सांगितली. मे महिना छान गेला. जुलैत झाडे उंच, लुसलुशीत वाढली आणि फुले गळू लागली. त्यांनी कॅल्शियम, बोरॉन, संजीवके असे सगळे फवारून पाहिले. गळ थांबली नाही, कारण झाडाला अन्न तयार करायला उजेडच नव्हता. बँकेचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच आला. चूक माझ्या सरासरीची होती.

सुरुवात आकाशाच्या वरून

वातावरण नसते तर जमिनीवर किती सौर ऊर्जा आली असती, हे फक्त अक्षांश आणि तारखेवर ठरते. 18.5 अंश उत्तर अक्षांशासाठी, म्हणजे पुणे परिसरासाठी, दर महिन्याच्या मध्याचे आकडे मी काढून ठेवले आहेत. एकक मेगाज्यूल प्रति चौरस मीटर प्रतिदिन. जानेवारी 27.6, फेब्रुवारी 31.2, मार्च 35.1, एप्रिल 38.0, मे 39.1, जून 39.2, जुलै 39.0, ऑगस्ट 38.3, सप्टेंबर 36.0, ऑक्टोबर 32.3, नोव्हेंबर 28.4, डिसेंबर 26.5. हे आकडे दरवर्षी तेच राहतात. वहीत उतरवून घ्या.

यातले खाली किती पोहोचते, हे सूर्यप्रकाशाच्या तासांवरून काढता येते. वेधशाळेत आणि कृषी विद्यापीठांच्या हवामान केंद्रांवर काचेचा गोळा असलेले यंत्र तुम्ही पाहिले असेल. ऊन असेपर्यंत त्याखालची पट्टी जळत जाते आणि जळालेल्या लांबीवरून उन्हाचे तास मोजतात. जागतिक अन्न व कृषी संघटनेने पिकांच्या पाण्याच्या गरजेसाठी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत यासाठी सोपे सूत्र दिले आहे. उन्हाच्या तासांना दिवसाच्या लांबीने भागा, उत्तराची निम्मी करा, त्यात 0.25 मिळवा आणि वरच्या आकड्याने गुणा.

जानेवारीत दिवस 11 तासांचा आणि ऊन 9 तास धरू. 9 भागिले 11 म्हणजे 0.82. त्याचे निम्मे 0.41, अधिक 0.25 म्हणजे 0.66. त्याला 27.6 ने गुणले की सुमारे 18 मेगाज्यूल. जुलैत दिवस 13 तासांचा आणि ऊन दोनच तास असेल तर हाच हिशेब सुमारे 13 वर येतो. ऊन अजिबात पडले नाही तर 10 च्याही थोडे खाली. काळ्याकुट्ट ढगांच्या मुसळधार दिवशी प्रत्यक्षात त्याहूनही कमी मिळते, कारण 0.25 हा सर्वसाधारण आकडा आहे.

उन्हाचे तास मिळाले नाहीत तरी अडत नाही. महसूल मंडळातील स्वयंचलित केंद्राचे कमाल व किमान तापमान पुरते. आकाश निरभ्र असेल तर दिवसा तापते आणि रात्री गार पडते. ढग असले की दोन्हींतला फरक कमी होतो. या फरकाचे वर्गमूळ काढा, 0.16 ने गुणा (कोकण किनारपट्टीला 0.19 घ्या) आणि मग वरच्या आकड्याने गुणा. जानेवारीत 30 आणि 11 अंश असतील तर उत्तर सुमारे 19 येते. जुलैत 28 आणि 23 असतील तर सुमारे 14. सूर्यतासांच्या उत्तराशी हे बऱ्यापैकी जुळते. एकेका दिवसासाठी ही रीत कच्ची आहे, आठवड्याच्या हिशेबाला चालते.

नासाच्या पॉवर या संकेतस्थळावर अक्षांश-रेखांश टाकून 1984 पासूनचे रोजचे आकडे फुकट मिळतात. मात्र तिथली सौर ऊर्जेची एक चौकट एक अंशाची, म्हणजे सुमारे 110 किलोमीटरची असते. एवढ्या अंतरात घाटमाथाही येतो आणि पर्जन्यछायाही. लोणावळ्याचे ढग आणि शिरूरचे ढग सारखे नसतात, हे संगणकाला माहीत नसते. म्हणून ते आकडे जवळच्या केंद्राच्या तापमानाशी ताडून घ्या.

पिकाच्या भाषेत आकडा

सूर्याच्या ऊर्जेपैकी साधारण 45 टक्के भागच पानाच्या कामाचा असतो आणि तो मोलमध्ये मोजतात. ढोबळ हिशेब असा, की एक मेगाज्यूल म्हणजे दोन मोलपेक्षा किंचित जास्त. त्यानुसार बाहेर जानेवारीत 37, मेमध्ये 10 तास उन्हाला सुमारे 51, जुलैत दोन तास उन्हाला 26 आणि ऊन नसलेल्या दिवशी 20 मोल पडतात.

आता पॉलिहाउसच्या आत या. कागद, पाइप, पन्हाळी आणि धूळ धरून 60 टक्के प्रकाश आत येतो असे समजू. मग जानेवारीत 22, मेमध्ये 31, जुलैत 16 आणि ऊन नसलेल्या दिवशी 12 मोल. ढोबळी मिरची, टोमॅटो, काकडी यांना चांगल्या उत्पादनासाठी 20 ते 30 मोल लागतात. म्हणजे जुलैत नेट नसतानाच तूट आहे. वर 50 टक्क्यांची नेट कायम असेल तर 8 आणि 6 मोल उरतात. माझ्या सल्ल्याने त्या मिरचीला एवढ्यावर जगायचे होते.

मेमध्ये कायम नेट ठेवली तरी 15 मोलच उरतात, हेही पाहा. दिवसाच्या एकूण प्रकाशातला जवळपास निम्मा भाग दुपारच्या मधल्या चार तासांत येतो. साधारण साडेदहा ते अडीच एवढाच वेळ नेट ओढली तर एकूण घट पाव भागाची होते आणि 23 मोलच्या आसपास मिळतात. उष्णतेचा मारा टळतो आणि उजेडही पुरतो. सरकत्या नेटचा जादा खर्च या एका हिशेबावर मला पटतो.

सरासरी वर्ष नको, खरे वर्ष घ्या

इमारतीत दिवसा किती उजेड येईल हे संगणकावर तपासणारे लोक वर्षाच्या 8760 तासांची हवामान नोंद वापरतात. त्यात सरासरी काढलेली नसते. दीर्घकाळाच्या नोंदींतून प्रत्येक महिन्यासाठी एक प्रातिनिधिक, पण प्रत्यक्ष घडलेला महिना निवडतात आणि असे बारा महिने जोडून वर्ष तयार करतात. आपणही तसेच करावे. जुलैत एक आठवडा शून्य तास आणि पुढचा आठवडा आठ तास ऊन असेल, तर सरासरी चार तास. त्या हिशेबाने पॉलिहाउसमध्ये 19 मोल दिसतात, म्हणजे काळजी नाही. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात 12 मोलच मिळतात, फुले तेव्हाच गळतात आणि पुढच्या आठवड्याचे ऊन ती परत लावत नाही.

म्हणून दहा वर्षांच्या नोंदी घेऊन दरवर्षी सलग किती दिवस ऊन दोन तासांपेक्षा कमी होते, ते मोजा. रोपांची लागवड आणि पहिला बहर कधी धरायचा, हे त्या सलग दिवसांवरून ठरवा. सोबत सर्वात अंधारे वर्ष वेगळे काढून ठेवा. कर्जाचा हप्ता बसतो का, हे त्या वर्षावर तपासायचे.

प्रकाश आकाशाच्या कोणत्या भागातून येतो?

जमिनीवरील आकड्याला वरच्या आकड्याने भागले की आकाश कसे होते ते कळते. भागाकार 0.35 च्या खाली असेल तर जवळपास सगळा प्रकाश ढगांतून विखुरलेला. 0.65 च्या पुढे असेल तर बहुतांश थेट ऊन. आपल्या उदाहरणात जुलै 0.33 आणि जानेवारी 0.66.

पूर्ण ढगाळ आकाश सगळीकडे सारखे उजळ नसते. 1942 मध्ये पॅरी मून आणि डोमिना स्पेन्सर यांनी मांडलेल्या सूत्रानुसार डोक्यावरचे आकाश क्षितिजाजवळच्या आकाशापेक्षा तिप्पट उजळ असते. संगणकावरील पद्धतीत आकाशाचे 145 तुकडे करून प्रत्येकाला तासागणिक उजळपणा देतात. तुम्हाला तेवढे खोल जायची गरज नाही, पण अर्थ लक्षात घ्या. पावसाळ्यात छतावरची धूळ, शेवाळ, गोळा करून ठेवलेल्या नेटची जाड घडी आणि रुंद पन्हाळी सर्वाधिक प्रकाश खातात. पावसाळ्यापूर्वी छत धुणे हे खताच्या एका हप्त्याइतके महत्त्वाचे आहे.

हिवाळ्यात उलट. डिसेंबरअखेरीस पुण्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेला 48 अंशांवर असतो. दक्षिण बांधावरचे 10 मीटर उंचीचे झाड तेव्हा 9 मीटर सावली टाकते. पन्हाळ पूर्व-पश्चिम असेल तर तिची सावली त्याच गादीवाफ्यावर बराच वेळ रेंगाळते, उत्तर-दक्षिण असेल तर दिवसभर सरकत जाते.

तुमच्या पॉलिहाउसचा 60 टक्क्यांचा आकडा खरा किती आहे, ते मोजता येते. पूर्ण ढगाळ दुपारी मोबाइलमधील लक्स मोजणारे ॲप घ्या. आधी बाहेर उघड्यावर, लगेच आत पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर आठ-दहा ठिकाणी मोजा आणि पुन्हा बाहेर. मोबाइल आडवा, पडदा आकाशाकडे. ॲपचा आकडा स्वतः फारसा विश्वासार्ह नसतो, पण आत-बाहेरचे गुणोत्तर चालते. उन्हात हे करू नका, पाइपची सावली पडली की आकडा फसवतो. गुणोत्तर 50 टक्क्यांच्या खाली आले तर आधी छत धुऊन पुन्हा मोजा, आणि तरीही वाढले नाही तर कागद बदलण्याचा खर्च येत्या हंगामाच्या अंदाजपत्रकात धरा.