डोंगरउतारावरचा हलका ब्रेक

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरावर, 1976 साली काही हौशी तरुणांनी सायकलींची एक विलक्षण शर्यत सुरू केली. सुमारे दोन मैलांच्या खडकाळ वाटेने 1,300 फूट खाली उतरायचे. आणि सायकली तर जुन्या व वजनदार, पायडल उलटे दाबले की मागच्या चाकाच्या हबमध्ये ब्रेक लागणाऱ्या! उतार संपेपर्यंत हब असा तापे, की त्यातील वंगणाचा धूर होई आणि पुढील फेरीपूर्वी तो उघडून पुन्हा भरावा लागे. या 'पुन्हा भरण्या'वरूनच शर्यतीला 'रीपॅक' हे नाव पडले.

ब्रेक गती नाहीशी करीत नाही; तो तिची उष्णता करतो. स्वार व सायकल मिळून 90 किलोग्रॅम वजन 400 मीटर खाली आले, तर सुमारे साडेतीन लक्ष ज्यूल ऊर्जा मोकळी होते. लिटरभर पाण्याला उकळी आणण्यास ती पुरेशी आहे. थोडा भाग वारा व खडबडीत वाट घेतात. उरलेला सारा ब्रेकच्या माथी.

साध्या सायकलीचे रबरी गुटके रिमवर घासतात, आणि पावसात रिम भिजली की ते कसे घसरतात हे सर्वांना ठाऊकच आहे. डोंगरात भर पडते ती चिखलाची. म्हणून चाकाच्या मध्याशी, चिखलापासून दूर, पोलादी चकती बसवून तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरण्याची युक्ती मोटारींकडून सायकलीने उचलली. 1953 साली ल मां येथील प्रसिद्ध शर्यत जॅग्वार मोटारीने अशाच ब्रेकच्या बळावर जिंकली होती. सायकलीपर्यंत तो रुळायला पुढे सुमारे चार दशके गेली.

तारेऐवजी येथे नळीतले तेल बोटांचा जोर पोहोचविते. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा पास्कलचा नियम. हाताकडील दट्ट्या 10 मिलिमीटर व्यासाचा आणि चाकाकडील 22 मिलिमीटरचा असेल, तर क्षेत्रफळ जवळजवळ पाचपट, म्हणून जोरही तितकाच वाढतो. चाकाकडील दट्ट्याभोवतीचे रबरी कडे दाबाने किंचित वाकते आणि बोट सुटताच सरळ होऊन दट्ट्याला मागे ओढते. स्प्रिंगचे काम एका रबराच्या कड्याने करावे, ही योजना खरोखर सुंदर आहे.

आता हलकेपणाची हौस. तरफ कार्बनतंतूंची केली, खिळे टिटॅनियमचे घातले, तरी उष्णतेच्या हिशेबात फारसा फरक पडत नाही. चकतीची गोष्ट निराळी. शंभर ग्रॅमची पोलादी चकती शंभर अंशांनी तापली, तरी तिच्यात जेमतेम पाच हजार ज्यूल मावतात. म्हणजे आलेली उष्णता तिने तत्काळ वाऱ्याला दिलीच पाहिजे. तिला भोके पाडून कमी केलेला प्रत्येक ग्रॅम हा या कोठारातूनच काढलेला असतो. म्हणून सपाट रानवाटांवर 160 मिलिमीटरची चकती भागते, पण तीव्र उतारांचे स्वार वजन सोसून 203 मिलिमीटरची घेतात. निदान पुढच्या चाकाला तरी, कारण ब्रेक लागताच भार पुढे झुकतो.

खरा धोका तेलात दडलेला असतो. मोटारींच्या जातीचे ग्लायकोलयुक्त तेल हवेतील ओलावा शोषते. 'डॉट 4' प्रतीचे ताजे तेल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये. ओलावलेल्यासाठी ही मर्यादा 155 वर येते. खनिज तेल पाणी शोषत नाही, मात्र आत शिरलेला थेंब तळाशी, म्हणजे चकतीजवळच्या तप्त भागात, जाऊन बसतो आणि शंभराच्या सुमारास त्याची वाफ होते. (एकाच्या ब्रेकमध्ये दुसऱ्याचे तेल घालू नये, रबरी कडी फुगून निकामी होतात.) तेल दाबाने आकसत नाही, वाफ आकसते. ऐन उतारावर तरफ मुठीपर्यंत जाऊन टेकते आणि चाक थांबत नाही. स्वार कसाबसा सावरून खाली पोहोचतो, ब्रेक निवतो, वाफ विरून जाते. संध्याकाळी घरी तरफ दाबून पाहावी, तर ती पूर्ववत कडक लागते.