चौकट : बहिणाबाई गायच्या, पण चाल कुणाची?

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावचा लोकगायक अल्बम काढतो तेव्हा स्वतःच्या रचनांच्या जोडीला बहिणाबाई घेणार, हे ठरलेलेच. त्यांच्या गाण्यांची लेवा बोली याच पट्ट्यातली. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) लिहीत नव्हत्या, गात होत्या, जात्यावर, शेतात. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती गाणी १९५२ मध्ये पुस्तकात आली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. पुढे ‘मानिनी’ चित्रपटासाठी (१९६१) संगीतकार वसंत पवारांनी त्यांतले ‘अरे संसार संसार’ बांधले, सुमन कल्याणपूर गायल्या. आता लोकांना तीच चाल मूळ वाटते!

पुस्तक निधनानंतरचे, त्यामुळे शब्दांवरचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षांनी, २०१२ अखेर संपला. चालीचा हिशेब मात्र वेगळा. हक्क शाबूत असलेले गाणे परवानगीविना नव्याने गायचे, तर कॉपीराइट कायद्याचे कलम ३१-सी पाहावे. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षे उलटलेली हवीत, आधी नोटीस द्यायची आणि दर गाण्यामागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे मानधन आगाऊ भरायचे. गावाकडच्या गायकाला हे झेपणारे नाही. त्यापेक्षा शब्द बहिणाबाईंचे घ्यावेत, चाल आपली बांधावी.