एका थेंबातले मणी

बोटांचे सांधे सकाळी आखडू लागले की आपल्या पांढुर्णा-सौंसरकडेही डॉक्टर 'आरए टेस्ट' लिहून देतात. गेल्या दिवाळीत आईला घेऊन मी लॅबमध्ये गेलो होतो. काळ्या पट्टीवर तिच्या रक्तातल्या सीरमचा एक थेंब, त्यात दुधासारख्या द्रवाचा दुसरा. पट्टी दोन मिनिटं हलवली आणि थेंबात रवा दिसू लागला.

"हे तं फाटल्या दुधावानी दिसते," आई म्हणाली. उपमा इतकी चपखल होती की मी घरी येऊन वाचतच बसलो.

तो द्रव म्हणजे पाण्यातले पॉलिस्टायरीनचे मणी, मायक्रॉनहून लहान. त्यांच्यावर माणसाची अँटीबॉडी चिकटवलेली असते. रक्तात रुमेटॉइड फॅक्टर असला की तो शेजारचे मणी जोडतो आणि गुठळ्या होतात. सिंगर आणि प्लॉट्झ यांनी १९५६ मध्ये ही तपासणी मांडली.

इतके बारीक मणी साबणासारख्या द्रव्याच्या पाण्यात घडवतात. एक ते दहा मायक्रॉनचे हवे असतील तर डिस्पर्शन पॉलिमरायझेशन. स्टायरीन अल्कोहोलमध्ये विरघळतं, पण त्याच्या लांब साखळ्या विरघळत नाहीत. साठ-सत्तर अंशांवर साखळ्या वाढल्या की त्या एकत्र येऊन मणी होतात. सोबत घातलेलं पीव्हीपी मण्यांना वेढून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. सगळे मणी जवळपास एकाच वेळी जन्मतात, म्हणून एका मापाचे. मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली. कारण १९८० च्या दशकात अमेरिकेने दहा मायक्रॉनचे एकसारखे मणी चक्क स्पेस शटलमध्ये बनवले होते!

तयार मण्यांवर दुसऱ्या प्लास्टिकचा थर वाढवला की संमिश्र मणी होतो. जपानमधल्या कोबे विद्यापीठात ओकुबो यांनी असे गोल्फच्या चेंडूसारखे खळगे असलेले मणीही बनवले. पोटात लोहाचे कण भरलेले मणी तर चुंबकाने ओढून काढता येतात. रक्तातून हव्या त्या पेशी वेगळ्या करायला ते वापरतात.

आईचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. पण धडधाकट वयस्करांतही तो येतो, आणि आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी अँटी-सीसीपी ही दुसरी तपासणी सांगितली. ती जरूर करून घ्या, कारण उपचार लांबले की सांधे वाकडे होतात. आणि लॅबमध्ये घड्याळाकडे लक्ष असू द्या. दोन मिनिटांनंतर थेंब सुकू लागतो, मग नसलेल्या गुठळ्याही दिसतात.